अपडेट उपलब्ध आहे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

या मार्गदर्शिकेत चित्रं नाहीत. चित्रं काढायला फोन चालू लागतो, आणि मी हे लिहायला बसलो तेव्हा माझा फोन उशीशेजारी पडून कंपनीचा लोगो दाखवत होता. तो लोगो मी रात्री साडेअकरापासून सकाळी सहापर्यंत पाहिला. त्याचा आकार, रंग, मधूनच येणारी बारीकशी चमक, काहीही विचारा. या विषयावर लिहायची माझी पात्रता एवढीच.

फोनचं फर्मवेअर अपडेट करणं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं असतं. दोन-चार वेळा टाळता येतं, कायमचं टाळता येत नाही आणि हजर राहिलं की काहीतरी आपल्या गळ्यात पडतं. तेव्हा तयारीनिशी गेलेलं बरं.

साहित्य

चालू स्थितीतला फोन, 1. (ही अट पुढे महत्त्वाची ठरेल.) त्याचा मूळ चार्जर. वायफाय. डेबिट कार्ड. गुगल खात्याचा पासवर्ड. तो 2016 मध्ये भाच्याने ठेवला असेल तर त्याला आत्ताच विचारून कागदावर लिहा, कारण नंतर विचारायला फोन नसेल. जुना बटणांचा फोन, 1; त्याला अपडेट येत नाहीत, म्हणून तो अजून जिवंत आहे. थोडी रोख रक्कम. लोकलने जात असाल तर छापील पास. पास कशाला ते पाचव्या पायरीत कळेल.

पायरी 1 : अपडेट ओळखा

एके दिवशी पडद्यावर संदेश येतो. खाली दोन बटणं असतात : ‘आता इन्स्टॉल करा’ आणि ‘नंतर’. ‘नको’ असं बटण नसतं. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

‘नंतर’ दाबलं की फोन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. चिकाटीच्या बाबतीत तो विमा एजंटाचा धाकटा भाऊ आहे. माझी आई दोन वर्षं रोज ‘नंतर’ दाबत होती. तिला फोन देताना मीच बजावलं होतं, “काही भलतं आलं तर दाबू नकोस.” तिने ते अक्षरशः पाळलं.

इथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. फोनचं खरं अपडेट फोनच्या सेटिंगमध्येच येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर, एसएमएसमध्ये किंवा एखाद्या लिंकवर ते कधीच येत नाही. आरटीओच्या चलानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल आली तर ती उघडू नका. त्या लग्नात आहेर तुमच्या बँक खात्यातून जातो.

पायरी 2 : शब्दाचा अर्थ समजून घ्या

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी 1967 मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकातल्या लेखात वापरात आणला. यंत्राचे भाग म्हणजे हार्डवेअर, त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या म्हणजे सॉफ्टवेअर आणि या दोहोंच्या मधलं, यंत्राला चिकटून बसलेलं ते फर्मवेअर. फोनच्या बाबतीत आता हा शब्द ढोबळपणे वापरला जातो. मूळ प्रणाली, सिग्नल पकडणाऱ्या मोडेमचा कारभार, चार्जिंगचं नियंत्रण, कॅमेऱ्याला कसं पाहायचं ते शिकवणारी आज्ञावली, असं सगळं त्यात येतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅप म्हणजे भाडेकरू. पटलं नाही तर बाहेर काढता येतो. फर्मवेअर म्हणजे इमारतीचा पाया, पाण्याची टाकी आणि भिंतीतलं वायरिंग. तिथे काम काढलं की सगळ्या मजल्यांवरचे लोक जिन्यात येऊन उभे राहतात.

पायरी 3 : ‘नवीन काय’ वाचा

अपडेटसोबत एक यादी येते. तीत बहुधा असं लिहिलेलं असतं : ‘प्रणालीचे स्थैर्य वाढवले. काही ज्ञात समस्या सोडवल्या.’ कोणाला ज्ञात, हे लिहिलेलं नसतं. तुम्हाला ज्या समस्या ज्ञात आहेत त्या यात नाहीत, एवढं मात्र खात्रीने समजा.

खरं कौशल्य यादीत नसलेलं वाचण्यात आहे. जानेवारी 2017 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 10.2.1 आणलं. जुन्या बॅटरीमुळे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून काही मॉडेलांचा वेग त्यात आवश्यकतेनुसार कमी केला जात होता. हेतू चांगला असेल, पण मालकांना ते स्पष्टपणे कळलं डिसेंबरमध्ये, आणि तेही लोकांनी वेग मोजून पुरावे मांडल्यावर. मधले अकरा महिने माणसं आपला फोन म्हातारा झाला असं समजत होती; काहींनी नवा घेतलाही असेल. कंपनीने माफी मागितली आणि 79 डॉलरची बॅटरी 29 डॉलरला बदलून दिली. फ्रान्समध्ये 2020 साली या लपवाछपवीबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड झाला.

एकट्या अ‍ॅपलला बोल लावून अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये. ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीने अ‍ॅपलबरोबर सॅमसंगलाही 50 लाख युरोंचा दंड केला. नोट 4 च्या मालकांना नव्या फोनसाठी बनवलेली प्रणाली घ्यायला लावली आणि त्याने त्यांचे फोन मंदावले, असा आक्षेप होता. आणि जानेवारी 2025 मध्ये गुगलने पिक्सेल 4ए या फोनला असं अपडेट पाठवलं की काही फोनांच्या बॅटरीची क्षमताच कमी झाली. ते सुरक्षिततेसाठी होतं आणि कंपनीने भरपाईही देऊ केली. पण सकाळी उठून पाहावं तर दुपारपर्यंत पुरणारी बॅटरी न्याहारीलाच संपलेली, हा अनुभव ‘स्थैर्य वाढवले’ या सदरात बसवणं कठीण आहे.

पायरी 4 : बॅकअप घ्या

ही पायरी सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. मीही केली नव्हती. तुम्हीही करणार नाही, पण लिहायचं माझं काम आहे.

बॅकअप घ्यायला गेलं की गुगल सांगतं, जागा संपली. फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत तुमचे फोटो, ईमेल आणि 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. म्हणजे ‘शुभ सकाळ’ लिहिलेला सूर्योदय, ‘शुभ सकाळ’ लिहिलेला चहाचा कप आणि ‘शुभ सकाळ’ लिहिलेले गणपतीबाप्पा हे तिघंही तुमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी भाडं न देता राहतात. त्यांना हलवा. गणपतीचं चित्र पुसताना हात थरथरला तर मनात क्षमा मागा. बाप्पा समजूतदार आहे, गुगल नाही.

पायरी 5 : मुहूर्त काढा

अपडेट आलं त्या दिवशी ते करू नये. पहिल्या पंगतीत बसणाऱ्याला गरम पोळी मिळते, हा नियम इथे लागू नाही. इथे पहिल्या पंगतीवर स्वयंपाक करून पाहिला जातो.

24 सप्टेंबर 2014 ला आयओएस 8.0.1 आलं. ज्यांनी आयफोन 6 आणि 6 प्लसवर ते तत्परतेने घेतलं त्यांच्या फोनचं नेटवर्क गेलं आणि अंगठ्याने उघडणारं कुलूपही गेलं. फोनवरून फोन करता येईना. सुमारे तासाभरात कंपनीने अपडेट मागे घेतलं, तोवर हजारो लोकांनी ते घेतलेलं होतं. आळशी माणसाचं त्या दिवशी काहीच बिघडलं नाही.

आपल्याकडे पुष्कळ विकल्या गेलेल्या शाओमी एमआय ए3 ची गोष्ट तर थेट 31 डिसेंबरची. 2020 च्या त्या संध्याकाळी अँड्रॉइड 11 चं अपडेट येऊ लागलं. ते बसवून रीस्टार्ट केल्यावर कित्येकांचे फोन पुन्हा उघडलेच नाहीत. नववर्षाच्या शुभेच्छा आत, मालक बाहेर. अपडेट थांबवलं गेलं आणि वॉरंटी असो वा नसो, असे फोन फुकट दुरुस्त करून देऊ असं कंपनीने जाहीर केलं. तेव्हा किमान आठवडाभर थांबावं. एवढ्या दिवसांत दुसऱ्या कोणाचा तरी फोन तुमच्यासाठी धारातीर्थी पडलेला असतो.

वारही पाहावा. रविवारची रात्र सर्वात वाईट. मी डोंबिवलीला राहतो आणि माझा लोकलचा पास मोबाइलमध्ये होता. रविवारी रात्री साडेअकराला मी ‘आता इन्स्टॉल करा’ दाबलं. सोमवारी फोन लोगोवरच होता आणि सात बावन्न कोणाच्या अपडेटसाठी थांबत नाही. तसाच निघालो. दादरला टीसीने हात आडवा केला.

“पास?”

“फोनमध्ये आहे.”

“दाखवा.”

मी फोन दाखवला. त्यावर लोगो होता.

“हे काय?”

“अपडेट होतंय.”

“कधीपासून?”

“काल रात्रीपासून.”

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माझाही असाच झाला होता, साहेब,” ते हळहळून म्हणाले आणि पावती फाडली. अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. रोख देता का, असं त्यांनी विचारलं नाही. यूपीआय चालणार नाही हे त्यांना माझा फोन पाहूनच कळलं होतं.

थोडक्यात, मुहूर्त शनिवारी सकाळचा धरावा. समोर दोन सुट्टीचे दिवस असावेत आणि दुरुस्तीचं दुकान उघडं असावं.

पायरी 6 : बटण दाबा आणि हात मागे घ्या

आता एक पट्टी दिसेल. ती 30 टक्क्यांपर्यंत धावते, 70 पर्यंत चालते आणि 99 ला ठाण मांडून बसते. हे 99 टक्के मार्कांचे नव्हेत. उरलेल्या एका टक्क्यात बहुधा सगळा अभ्यासक्रम असतो.

आत काय चाललं आहे हे डोंबिवलीकराला समजावणं सोपं आहे : रिडेव्हलपमेंट. जुन्या पद्धतीत बिल्डर आधी इमारत पाडतो आणि तिथेच नवी बांधतो. मध्येच पैसे संपले की रहिवासी रस्त्यावर. फोनमध्ये याचा अर्थ असा की लिहिणं अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर जुनी प्रणालीही नाही आणि नवीही नाही. म्हणून अपडेटआधी फोन पुरेसं चार्जिंग मागतो. तो हट्ट पुरवा. दुसरी पद्धत 2016 मध्ये अँड्रॉइड 7 बरोबर आली. तीत फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. तुम्ही जुन्या इमारतीत राहता, शेजारच्या प्लॉटवर नवी उभी राहते आणि रीस्टार्टच्या वेळी फक्त सामान हलतं. नव्या इमारतीचं दार उघडलं नाही तर फोन तुम्हाला जुन्या घरी परत आणतो. योजना उत्तम आहे. रिडेव्हलपमेंटच्या सगळ्याच योजना कागदावर उत्तम असतात.

या काळात फोनला हात लावू नये, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये आणि “झालं का रे?” असं विचारू नये. वायफाय गेलं तर घाबरू नका. सगळं उतरवून झाल्यावर फोनला त्याची गरज नसते. वीज गेली तरी बॅटरी आहे. फक्त बायकोने “अहो, जरा फोन द्या, मेथीच्या वड्यांची रेसिपी बघायची आहे,” म्हटलं तर तेवढं टाळता आलं पाहिजे.

पायरी 7 : लोगोचं दर्शन

फोन रीस्टार्ट होतो आणि लोगो येतो. पाच-दहा मिनिटं थांबणं स्वाभाविक आहे. अर्धा तास झाला की चुळबुळ सुरू होते. लोगो येतो, जातो, पुन्हा येतो, असं होऊ लागलं की त्याला बूटलूप म्हणतात. घाण्याच्या बैलाने हा प्रकार फार पूर्वीच शोधला होता.

काहीच हालचाल न करणाऱ्या फोनला इंग्रजीत ‘ब्रिक’ म्हणतात. इथे मात्र मराठी वरचढ ठरते : फोनची वीट होते आणि मालकाला वीट येतो. दोन्ही कामं एका शब्दात. पंढरपूरच्या विटेवर निदान देव उभा राहिला. या विटेवर चहाचा कपसुद्धा धड राहत नाही.

शेवटचा घरगुती उपाय म्हणजे रिकव्हरी मोड. फोनला जेमतेम तीन बटणं असतात, पण त्यांचे जेवढे जोड होऊ शकतात तेवढे निरनिराळ्या कंपन्यांनी वाटून घेतले आहेत. कुठे पॉवर आणि आवाज वाढवा, कुठे पॉवर आणि आवाज कमी करा, कुठे सोबत केबलही जोडा. जमलं तर काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी येते. तीत ‘वाइप कॅश’ आणि ‘वाइप डेटा’ या दोन ओळी बऱ्याच फोनांत अगदी शेजारी राहतात. पहिली माळ्यावरची अडगळ काढते, दुसरी अख्खं घर रिकामं करते. दोघींमध्ये आवाजाच्या बटणाच्या एका टिचकीचं अंतर आहे. चष्मा लावून बसा.

पायरी 8 : परत फिरायचं विसरा

नवशिक्यांना वाटतं, आवडलं नाही तर जुनं परत घेऊ. साडी बदलून मिळते, फर्मवेअर सहसा नाही. आयफोन कोणतीही आवृत्ती बसवण्याआधी अ‍ॅपलकडून तिची सही मागतो, आणि नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनी जुनीवर सही करायचं थांबवते. अनेक अँड्रॉइड फोनही मागे जाण्याचा रस्ता बंद करतात. त्यामागे कारण आहे. जुन्या आवृत्तीतली भोकं चोरांना पाठ झालेली असतात. मागे जाता आलं तर चोरही तुमच्याबरोबर मागे जाईल.

पण यातून एक गोष्ट उमगते. फोनची पावती आपल्या नावाची असली तरी किल्ल्यांचा जुडगा कंपनीकडे असतो. 2016 मध्ये सॅमसंगच्या नोट 7 च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने फोन परत मागवले. तरी काही लोक ते सोडेनात, तेव्हा डिसेंबरात अमेरिकेत एक अपडेट पाठवलं गेलं, ज्याने फोन चार्जच होणार नाही. जीव वाचवण्यासाठीच ते होतं, पण तुमच्या हातातली वस्तू लांबून कायमची निजवता येते हेही त्याने दाखवून दिलं.

पायरी 9 : दुकान

घरचे उपाय थकले की गल्लीतल्या दुकानात जावं. दुकानदार फोन हातात घेतो, न पाहताच बाजूला ठेवतो आणि म्हणतो, “सॉफ्टवेअर मारावं लागेल.” हे मारणं म्हणजे प्रणाली नव्याने भरणं. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : “डेटा उडेल. चालेल ना?” चालणार नसतं, पण आपण मान हलवतो. हाच प्रश्न अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन, एसीत बसून आणि फॉर्मवर सही करून विचारला जातो. माझा फोन तिथून तिसऱ्या दिवशी परत आला. छान चालत होता. आत कोणी नव्हतं.

यानंतर फोन जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोराने फोन पुसून विकू नये म्हणून 2015 पासून ही व्यवस्था आहे. चोर आणि विसरभोळा मालक यांच्यातला फरक फोनला कळत नाही. मग यूपीआय पुन्हा नोंदवा : सिमवरून एसएमएस, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, पिन. आता समजलं साहित्यात कार्ड का होतं?

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ती व्यर्थ जात नाही. आयओएस 18 नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी याच हेल्पलाइनवर आल्या आणि जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस पाठवल्याचं मंत्री प्रल्हाद जोशी यांनी सांगितलं.

अपडेट यशस्वी झाल्यास

हाही धोका आहेच. चिन्हं बदलतात, सेटिंगच्या जागा बदलतात, रोजचं बटण दुसऱ्या खोलीत राहायला जातं. ऑगस्ट 2025 मध्ये गुगलच्या फोन अ‍ॅपने कॉलचा पडदा बदलला तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीन काका आणि एक आत्या यांनी फोन हॅक झाल्याचं जाहीर केलं. तेही साधं अ‍ॅपचं अपडेट होतं, पायाला हात लागलेला नव्हता. आता तर पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षं अपडेट देण्याचं वचन कंपन्या देतात. साडेसातीला सहाच महिने कमी.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तर द्या : शेवटचा बॅकअप कधी घेतला? (‘आठवत नाही’ हे पूर्ण वाक्य धरले जाईल.)

2. फरक स्पष्ट करा : ‘नंतर’ आणि ‘कधीच नाही’.

3. कारणे द्या : रविवारी रात्री अपडेट करणाऱ्याने सोमवारी छापील पास बाळगावा.

4. रिकामी जागा भरा : डेटा उडेल, ______ ना?

निकाल

एवढं सगळं वाचून ‘नंतर’ दाबायचं ठरवलं असेल तर ते चूक आहे. 13 सप्टेंबर 2021 ला आलेल्या आयओएस 14.8 ने एक असं भोक बुजवलं, ज्यातून हेरगिरी करणारी आज्ञावली केवळ एका संदेशाने फोनमध्ये शिरत होती. मालकाने काही दाबायचीही गरज नव्हती. ज्यांनी अपडेट टाळलं त्यांचं दार उघडंच राहिलं. अपडेट बिघडलं तर फोन जातो. अपडेट टाळलं तर कधी कधी त्यापेक्षा जास्त जातं, आणि गेलेलं कळतही नाही.

तेव्हा अपडेट करा. फक्त आठवडाभर थांबून, बॅकअप घेऊन आणि शनिवारी सकाळी करा. आणि ज्या आईवडिलांना आपण ‘काही दाबू नकोस’ असं शिकवलं, त्यांच्या शेजारी बसून करा. आईच्या फोनचं दोन वर्षांचं तुंबलेलं काम आम्ही गेल्या शनिवारी उरकलं. चाळीस मिनिटं लागली आणि काहीही बिघडलं नाही. या खेपेला बॅकअप घेतलेला होता, म्हणून असेल.